बंगलोर दर्शन, जेवणखाण्यासह

२ जानेवारी १९६२, मंगळवार

कारखान्यानं यंदा फोरमन आणि वरच्या मंडळींना कातडी बांधणीची डायरी दिली, आम्हा चार्जहँड लोकांना कापडी. माझी तक्रार नाही. आतला कागद तोच आहे, मी उजेडात धरून पाहिला. फरक फक्त पुठ्ठ्याचा. पण ज्यांना कातडी मिळाली त्यातले निम्मे तीत दुधाचा हिशेब लिहिणार, हे मला पक्कं माहीत आहे.

आज सौ. पद्मावतीनं बातमी दिली. तिची धारवाडची बालमैत्रीण अनुसूयाबाई संक्रांतीला पुण्याहून येणार. बरोबर यजमान श्रीधरराव आणि मुलगा उपेंद्र. मल्लेश्वरमला श्रीधररावांच्या मावसभावाकडे उतरणार आणि आठवडाभर बंगलोर बघणार. "कुठं जायचं, कशानं जायचं, कुठं खायचं, सगळा बेत तुम्ही करा," म्हणाली. "तुमच्यासारखा कुणाला जमतो?"

खरं आहे, नाहीच जमत. मी म्हटलं, एक दिवस घरी जेवायला बोलाव. तर पटकन म्हणाली, "घरी नको. बाहेरच बरं."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हॉटेलच्या कपबशा कुणाकुणाच्या तोंडच्या असतात म्हणून जिनं उडुप्याकडे पाण्याचा पेलासुद्धा कधी उचलला नाही, ती म्हणते बाहेरच बरं. बायकांचं काही कळत नाही.

७ जानेवारी, रविवार

बेत तयार. चार दिवसांचा. बीटीएसच्या, म्हणजे सिटी बसच्या, कंट्रोलरला मॅजेस्टिकच्या थांब्यावर स्वतः भेटून बस विचारून घेतल्या. प्रत्येक हॉटेलात जाऊन स्वयंपाकघरात डोकावून आलो. एका ठिकाणचा आचारी गुरगुरला, "आत काय बघता?" मी म्हटलं, तुझी नखं. ते हॉटेल बाद केलं.

पद्मावतीनं बेत वाचला आणि विचारलं, "यात सुलभा येईल ना?" आमची ही मुलगी प्राथमिकला शिकवते, तिची शाळा असते. रजा काढील म्हणे. पाहुण्यांसाठी शिक्षिकेनं रजा काढायची! मीही तीन दिवसांची काढली आहे, पण माझी साठलेली होती. मी नापसंती दर्शवली. उपयोग झाला नाही.

आता सुलभाचा विषय निघालाच आहे तर एकदाच लिहून टाकतो, म्हणजे मिटलं. ती चोवीस पूर्ण झाली, तिचं लग्न माझ्यामुळं अडलं असं पद्मावती दोन वर्षं ऐकवते. वस्तुस्थिती अशी. पहिलं स्थळ आलं त्या मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "टूलरूम म्हणजे कामगारच ना?" त्यांना मी दार दाखवलं. दुसरं हुबळीचं. सुलभाला चालून दाखव म्हणाले, वेणी सोडून दाखव म्हणाले, तोवर मी गप्प होतो. मग मुलाचे मामा पोहे खाताखाता म्हणाले, "आपलं शिक्षण कुठवर?" मी मराठी चौथी. इंग्रजी, त्रिकोणमिती, ड्रॉइंग, सगळं हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात आणि नंतर इथं, स्वतः पुस्तकं मिळवून शिकलो. हे मी त्यांना सांगितलं असतं. पण त्या मामांनी विचारताना भुवई वर केली. मी उठलो आणि सगळ्यांच्या हातातल्या बशा काढून घेतल्या. मामांच्या बशीत अर्धे पोहे होते.

त्या दिवशी मी शब्द दिला की या घरात मुलगी दाखवायला पोह्यांची बशी पुन्हा बाहेर येणार नाही. दिला तो पाळला. तेव्हापासून घरात पोहेच झालेले नाहीत. मला आवडतात, तरी.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

पहिला दिवस, आणि पहिल्याच बसला वाट लागली.

सकाळी मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर इडली, मग बसनं लालबाग, असा बेत. मंडळी वेळेवर आली, हे मान्य. अनुसूयाबाई ठसठशीत, नऊवारीतल्या, मोठ्यानं हसणाऱ्या. उपेंद्र उंच, चष्मेवाला, पुण्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला. असले पदवीवाले दरवर्षी माझ्या हाताखाली येतात आणि तीन वर्षांनी माझ्या डोक्यावर बसतात. श्रीधरराव पोस्टातून निवृत्त, गरीब चेहऱ्याचे.

पण खातात किती सावकाश! एक इडली घेतली की तिच्याशी संसार करतात. सगळ्यांची कॉफी झाली, बस समोर येऊन थांबली, हे अजून दुसऱ्या इडलीवर. "पळा!" मी ओरडलो. उपेंद्र आणि सुलभा पुढं होते, ते चढले. कंडक्टरनं घंटा दिली. आम्ही चौघं रस्त्यावर.

पद्मावती आणि अनुसूयाबाई एकमेकींकडे बघून हसल्या. बस चुकल्यावर हसणाऱ्या माणसांबद्दल काय लिहावं!

पुढच्या बसनं लालबागेत पोचलो. ठरल्याप्रमाणं दोघांनी काचघराशी थांबायला हवं होतं. तिथं नाहीत. शेवटी सापडले ते खडकावरच्या बुरुजापाशी, वाऱ्यात गप्पा मारत. मी उपेंद्रला विचारलं, बेत वाचला नव्हता का? म्हणाला, "वाचला होता, काका. म्हटलं तुम्हाला यायला वेळ लागेल." तिकिटंही हरवून बसला होता.

आणखी एक. घरून निघताना सुलभाच्या केसात शेवंतीचं फूल होतं. आता अबोलीचा गजरा. शेवंती कुठं पाडली विचारलं तर सांगता येईना. या वयात वस्तू सांभाळता येत नाहीत.

१५ जानेवारी, सोमवार

चिकपेट. साड्यांसाठी एक तास ठेवला होता, अडीच लागले. दुकानदार दामदुप्पट सांगत होता, त्याला मी कन्नडमध्ये सरळ केला. पण बायकांची तऱ्हा बघा. साडी घ्यायची अनुसूयाबाईंना, आणि प्रत्येक साडी सुलभाच्या खांद्यावर टाकून बघायची. "रंग कळतो," म्हणे. रंग साडीचा की खांद्याचा? शेवटी डाळिंबी रंगाची घेतली. आणि घेतली सहावारी! अनुसूयाबाई जन्मात सहावारी नेसल्या नसतील. मी चूक लक्षात आणून दिली, तर पद्मावतीनं माझ्या पायावर पाय दिला.

दुपारी केळीच्या पानावर जेवण. पद्मावती हॉटेलात जेवली! बिसीबेळे भात दोनदा घेतला आणि वाढप्याला म्हणाली, "अप्पा, स्वल्प तूप." सव्वीस वर्षांत हे कुठं लपलं होतं?

श्रीधररावांनी भाताला पाऊण तास लावला. मात्र दोन दिवस झाले, या गृहस्थांनी माझं शिक्षण विचारलेलं नाही. एवढे सभ्य लोक जगात नसतात. उद्या विचारतील. उत्तर तयार आहे.

घरी आलो तर शेजारचे सुब्बाराव कट्ट्यावरच बसले होते. त्यांचं घराणं चार पिढ्या इथलं, मराठी निम्मी कन्नडच झाली आहे. "काय दामोदरअण्णा, प्रोग्राम सरी चाललाय का? हुडुग कसा वाटला?"

मी म्हटलं, कुठला मुलगा? श्रीधररावांचा? चालतो बरा. पण तिकिटं हरवतो.

सुब्बारावांना ठसका लागला. त्यांना दमा आहे, थंडीत बाहेर बसू नये.

१६ जानेवारी, मंगळवार

आजचा दिवस लिहिताना टाक दोनदा कागदात रुतला. संतापानं.

सकाळी बसवनगुडीचा नंदी. अखंड दगडातला एवढा नंदी समोर बसलेला, मी त्याची माहिती सांगतोय, आणि मागं सुलभा उपेंद्रला विचारतेय, "पुण्याच्या त्या पुरानंतर तुमच्याकडे पाणी कधी येतं? नळाला की टँकर?" तो सांगतोय, आता सकाळी येतं, तळमजल्यावर चिखल होता तो काढला, वरच्या दोन खोल्यांना नवा रंग दिला, एका खोलीला पूर्वेची खिडकी आहे. मग म्हणाला, "शेजारच्याच गल्लीत शाळा आहे." देवळात येऊन खिडक्या आणि शाळा! मी माहिती सांगायची थांबलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिथून गांधी बझारात मसाला डोसा. पुढची बस पकडून कब्बन पार्क, म्युझियम, सगळं जुळवलेलं. आणि बसचं काय झालं? आम्ही थांब्यावर जायच्या आधीच उपेंद्रनं कुणालातरी विचारलं आणि मला येऊन सांगतो, "काका, ती बस संक्रांतीपासून इकडून जात नाही." मी कंट्रोलरला स्वतः विचारलं होतं! संक्रांतीच्या आधी का नंतर, तो प्रश्न वेगळा.

म्हणजे आता पुढच्या चौकापर्यंत चालायचं, आणि वेळ नाही, आणि श्रीधरराव डोशाचा एक तुकडा तोंडात ठेवून डोळे मिटून चघळताहेत. मी म्हटलं, "श्रीधरराव, तुम्ही खाता की रवंथ करता?"

एवढंच म्हणालो. आवाज थोडा चढला असेल. शेजारच्या टेबलांवरचे लोक वळले.

श्रीधररावांनी डोसा खाली ठेवला. बोटं पुसली. अनुसूयाबाईंचं हसणं बंद झालं, ते तीन दिवसांत पहिल्यांदाच. त्या म्हणाल्या, "पद्मे, यांना बरं वाटत नाही. आम्ही जातो." घोड्याचा जटका करून निघून गेले. उपेंद्र जाताना माझ्याकडे बघून थांबला, मग सुलभाकडे बघितलं आणि गेला.

अर्धा डोसा पानात तसाच राहिला.

१७ जानेवारी, बुधवार

घरात सुतक. एका डोशावरून!

आज विश्रांतीचा दिवस होता, म्हणून बरं. पद्मावतीनं आमटीत मीठ घातलं नाही, आणि मी मागितलं तर बरणी समोर आपटली. सुलभा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी विचारलं, डोकं दुखतंय का? म्हणाली, "नाही अण्णा. तुमचं होऊ दे जेवण."

मी पद्मावतीला म्हटलं, एवढं काय झालं? परक्या माणसांची सहल, ती अर्धवट राहिली तर आपण उपाशी राहायचं?

ती म्हणाली, "तुम्हाला रवंथ तेवढी दिसली. तीन दिवसांत बाकी काही दिसलं नाही."

मला दिसलं नाही! सगळं दिसलं. फूल, साडी, तिकिटं, सगळं लिहून ठेवलेलं आहे. माझ्याइतकं बारीक बघणारा माणूस या पेठेत दाखवा.

१८ जानेवारी, गुरुवार

कारखाना सुटल्यावर मल्लेश्वरमला गेलो. माफी मागायला नाही. रविवारचा बेत शिल्लक होता आणि अर्धवट सोडलेलं काम मला सहन होत नाही.

श्रीधरराव ओट्यावर एकटेच होते. मला बघून उठले. "या दामोदरपंत, बसा." जणू काही झालंच नाही. मला असली माणसं अवघड जातात. भांडायला आलं की काय करायचं ते मला कळतं.

मी म्हटलं, रविवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणं आहे. ते म्हणाले, "येऊ की. फक्त माझ्यामुळं तुमचा खोळंबा होतो, त्याचं वाईट वाटतं." मग तोंडावर हात धरून हळूच म्हणाले, "कवळी नवी आहे हो. जुनी पुरात गेली. रात्री वाटीत ठेवली होती, सकाळी पळा पळा झालं. घर राहिलं, दात गेले. ही हिरडीला लागते."

मला असा राग आला! "मग हे आधी सांगायचं नाही? इडली, उप्पिट, केसरीभात, सगळीकडे मऊ ठेवलं असतं! डोसा मी यादीत घातलाच नसता. अर्धवट माहितीवर माणसानं बेत करायचा कसा?"

ते हसायला लागले. हसताना कवळी सुटू नये म्हणून ओठ मिटून. आतून अनुसूयाबाईंनी चहा आणला. बरोबर बिस्किटं, माझ्यासाठी. त्यांच्या यजमानांनी बिस्किट चहात बुडवून खाल्लं, ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

निघताना उपेंद्र थांब्यापर्यंत सोडायला आला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मी म्हटलं, बस आली.

घरी येऊन सांगितलं, रविवार पक्का. पद्मावतीनं भिंतीवरच्या देवीला हात जोडले. पाहुणे फिरायला येणार म्हणून देवीला हात! सुलभा उठून जेवली.

२१ जानेवारी, रविवार

क्रमानं लिहितो.

हॉटेलची फॅमिली रूम, पडद्याआडची. सगळे पदार्थ मऊ. सगळं वेळेवर. श्रीधररावांनी केसरीभात मागवला, मी मुद्दाम त्यांना खिडकीशी बसवलं होतं, घाई होऊ नये म्हणून. आज पुढं कुठली बसच ठेवली नव्हती.

अनुसूयाबाईंनी पिशवीतून नारळ काढला. मला वाटलं प्रसाद. मग खण काढला. मग ती डाळिंबी सहावारी. सुलभाला म्हणाल्या, "ये गं." सुलभा उठली, पदर पुढं केला, आणि अनुसूयाबाईंनी तिची ओटी भरली.

मी म्हटलं, "हे काय?"

पद्मावती टेबलाकडे बघत म्हणाली, "आम्ही सुलभा उपेंद्रला दाखवली. त्यांना पसंत आहे. तिलाही आहे."

"कधी दाखवली?"

"आठवडाभर."

म्हणजे बस, खडक, साडी, खिडकी. माझ्याच बेतानं, मी निवडलेल्या टेबलांवर, माझ्याच देखत! सगळ्यांना ठाऊक, सुब्बारावांनासुद्धा. एकटा मी बसचे नंबर सांगत हिंडत होतो. माझ्या कानात घण वाजायला लागले. यांनी माझं शिक्षण का विचारलं नाही तेही कळलं. आधीच सांगून ठेवलं होतं: तेवढं विचारू नका, माणूस भडकतो.

मी उठलो. काय करतोय ते कळायच्या आत श्रीधररावांची बशी माझ्या हातात होती. त्यांचा चमचा हवेत तसाच. पडद्याबाहेर वाढप्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"अण्णा," सुलभा म्हणाली. ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरून उभी होती. आवाज अगदी साधा, वर्गात पोरांना सांगते तसा. "बशी ठेवा. त्यांचं व्हायचंय अजून."

मी बशी ठेवली. का ठेवली ते मला सांगता येणार नाही. मग चपला घालून बाहेर पडलो आणि चामराजपेटेत घरापर्यंत चालत आलो.

संध्याकाळी पद्मावती आल्यावर मी विचारलं, माझ्या शब्दाला या घरात काही किंमत आहे का?

"आहे ना," ती म्हणाली. "तुमचा शब्द होता की या घरात बशी बाहेर येणार नाही. मी आणली का? घराबाहेर काय करायचं, ते तुम्ही बोलला नव्हता." पदराला हात पुसत पुढं म्हणाली, "आणि बेत किती छान केलात! दुसऱ्या कुणाच्या हातून झाला नसता."

ही थट्टा होती की काय, सव्वीस वर्षांनंतरही मला ओळखता आलं नाही.

मग एक गोष्ट डोक्यात आली आणि राग नव्यानं उसळला. ही मंडळी आख्ख्या बंगलोरात जेवली. मल्लेश्वरम, चिकपेट, गांधी बझार. होणाऱ्या व्याह्यांनी माझ्या घरी अजून पाण्याचा पेला उचललेला नाही! लोक काय म्हणतील? दामोदरच्या घरी चूल नाही?

"उद्याची गाडी रात्रीची आहे ना?" मी म्हटलं. "सकाळी त्यांना इकडे बोलाव. बसनं नको, त्या दिवशीसारखा घोळ होईल. मी जटका पाठवतो. आणि पोहे कर."

पद्मावतीनं परात काढली.

"नीट भिजव," मी सांगितलं. "नेहमीपेक्षा जास्त. शेंगदाणे वेगळे ठेव, ज्याला चावतील तो घेईल."

२२ जानेवारी, सोमवार

रजा टाकली. जटका उशिरा आला. घोडा म्हातारा होता, मी गाडीवाल्याला सुनावलं.

मंडळी बसली. सुब्बारावही आले, न बोलावता. सुलभा आतून बशा घेऊन निघाली, मी तिला दारातच अडवलं. दोन वर्षांपूर्वी बशा मी आत नेल्या होत्या. बाहेरही मीच आणणार. तिनं तबक माझ्या हातात दिलं आणि माझ्या सदऱ्याची वरची गुंडी लावली. हे करायची वेळ होती का ती?

प्रत्येकाला बशी दिली. श्रीधररावांना बिनशेंगदाण्याची. मग मी खोलीच्या मध्ये उभा राहिलो आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं.

"माझं शिक्षण मराठी चौथी. पुढचं सगळं स्वतः."

मी थांबलो. भुवई कोण वर करतो ते पाहायचं होतं. उपेंद्र खाली मान घालून ऐकत होता. पद्मावतीनं दाराची चौकट धरली होती. मी श्रीधररावांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, गाल भरलेले, सावकाश चावत. सगळी खोली त्यांच्या घासासाठी थांबली. शेवटी त्यांनी तो गिळला, ओठ पुसले आणि बशी पुढं केली.

"दामोदरपंत, आणखी थोडे आहेत का?"

माणसानं आयुष्यभर जपून ठेवलेलं उत्तर द्यावं आणि समोरच्यानं पोहे मागावेत! कुठं काय बोलावं याचं या घराण्यात कुणाला भान नाही. त्यात आज लिंबूही नव्हतं, ते मी पद्मावतीला नंतर बोललोच.

आत जाऊन आणले. त्यांनी तीनदा घेतले.